छोट्या सुट्टीची दहा मिनिटं

सकाळी ८:४०
फाटकाचं कुलूप काढण्याआधी शाळेचे शिपाई मामा सायकल भिंतीला टेकवतात आणि कॅरिअरची पिशवी सोडवतात. पिशवीत जेवणाचा डबा, थिनरची बाटली, एक लोखंडी कडी आणि कागदात बांधलेले स्क्रू. कडी पंचेचाळीस रुपयांची, स्क्रू दहा रुपयांचे. सध्या पैसे मामांच्या खिशातले. बिल शाळेच्या सादिल खर्चात लागेल, पण कधी, ते क्लार्कच्या हातात.

सातारा जिल्ह्यातली ही अनुदानित माध्यमिक शाळा. पाचवी ते दहावी, सहाशेच्या आसपास मुलं. गावाचं आणि शाळेचं नाव लिहीत नाही. पुढे ज्या मुलांबद्दल लिहिलंय ती ओळखू येऊ नयेत, एवढ्यासाठीच.

एकेकाळी इथे चार शिपाई होते. आता कायम नोकरीतले मामा एकटे. दुसरा आहे तो भत्त्यावरचा. ११ डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयानं शाळांमधली शिपायाची पदं निवृत्तीबरोबर संपत जातात आणि त्या जागी शाळेला शिपाई भत्ता मिळतो. ग्रामीण भागात तो महिन्याला ५,००० रुपये. भत्त्यावरच्या या पोराचं वय सव्वीस, शिक्षण बी.ए. शाळा सुटली की तो स्टँडजवळ पंक्चरच्या दुकानात बसतो.

सकाळी ९:१०
मुलांच्या संडासात तीन दारं. मधल्याची कडी काल तुटलेली. जुन्या कडीची भोकं मोठी झालीत, स्क्रू धरत नाही. मामा काडेपेटीतल्या काड्या भोकांत ठोकतात, वरचा भाग मोडतात आणि मग स्क्रू पिळतात. तीन वेळा दार लावून, ओढून बघतात.

"कडी नसली की आतल्या पोराला दार एका हातानं धरून बसावं लागतं," ते म्हणतात. "भाईरनं दोघं ढकलतात. हसाय आठ जण उभे. मग ते पोरगं दिसभर पाणीच पीत न्हाई."

मग भिंत. खडूनं लिहिलेलं ओल्या फडक्यानं जातं. मार्करला थिनर लागतं. कंपासमधल्या कर्कटकानं कोरलेलं कशानंच जात नाही, त्यावर रंगाचा हात मारावा लागतो. आज भिंतीवर दोन नावं आहेत. एक मुलीचं, त्याच्यापुढे शिवी. दुसरं एका माणसाचं, पूर्ण नाव आडनावासकट. ते कुणा मुलाचं नाही, आठवी ब मधल्या एका मुलाच्या वडिलांचं आहे. आपल्याकडे शाळेत एखाद्याला छळायचं तर त्याला बापाच्या नावानं हाक मारतात. इथे शिकलेल्या प्रत्येकाला हे माहीत आहे.

पुसायच्या आधी मामा खिशातली छोटी वही काढतात. तारीख, जागा, काय लिहिलंय, एवढंच टिपतात. अक्षर कुणाचं वाटतं ते लिहीत नाहीत. "आपल्याला वाटतंय म्हणून लिवायचं न्हाई. मॅडमनी सांगितलंय." मॅडम म्हणजे मुख्याध्यापिका. वही पंधरा रुपयांची. ही सहावी.

सकाळी १०:१५
पहिली एस.टी. येते. मुलींचा पास मोफत, अहिल्याबाई होळकर योजनेतून. मुलांना पासात दोनतृतीयांश सवलत. पुढच्या दारानं मुली उतरतात, मागच्या बाकावरची दहावीची पोरं सगळ्यात शेवटी. मामा फाटकात उभे राहून फक्त उतरणाऱ्यांच्या चेहऱ्यांकडे बघतात. कुणाची बटणं तुटलीत, कोण दप्तर छातीशी धरून उतरतंय, कोण आज बसनं न येता चालत आलंय. चार किलोमीटर चालत येणाऱ्या सातवीतल्या एका मुलीला ते विचारतात, "पास हरवला का गं?" ती मान हलवते. पास आहे. मामा पुढे काही विचारत नाहीत, वहीत लिहितात.

तिकडे भत्त्यावरचा पोरगा सायकल स्टँडवर आहे. त्याच्याकडे हवेचा पंप आणि व्हॉल्व्हच्या रबरी नळीचे तुकडे. गेल्या पावसाळ्यात इथे रोज चार-पाच सायकलींची हवा जायची. पंप शाळेनं घेतला, साडेतीनशेचा. मग या दोघांनी कुठल्या सायकलीची हवा जाते ते आठवडाभर लिहून ठेवलं. सायकली वेगवेगळ्या नव्हत्याच. त्याच तीन होत्या.

सकाळी १०:५०
रुळाच्या तुकड्यावर हातोडीचे टोल पडतात. रांगा लागतात. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना. शिक्षक समोर उभे असतात आणि मामा रांगांच्या मागे. मागून वेगळं दिसतं. टपली कोण मारतंय ते समोरून दिसत नाही, मान कुणाची हलली तेवढंच दिसतं आणि ओरडा मान हलली त्यालाच बसतो.

सकाळी ११:०५
आठवी ब ची हजेरी. वर्गशिक्षक नंबर घेतात, मुलं हात वर करतात. "हजर सर" कुणीच म्हणत नाही. जूनपासून ही पद्धत. या वर्गातल्या एका मुलाची जीभ अडते. 'ह' वर तर फारच. नंबर आला की त्याची मान ताठ व्हायची, ओठ नुसते हलायचे आणि मागून कुणीतरी तसंच 'ह-ह-ह' करायचं. सरांनी त्याला एकट्याला सूट दिली नाही. सगळ्या वर्गालाच हात वर करायला लावला. एकट्याला दिली असती तर ती सूट म्हणजे नवं नाव ठेवण्याचं कारण झालं असतं.

मला हा या शाळेतला सगळ्यात शहाणपणाचा निर्णय वाटतो. त्याला एक रुपया लागलेला नाही.

भिंतीवर नाव होतं ते याच मुलाच्या वडिलांचं. ते मार्केट यार्डात हमाली करतात.

दुपारी १२:१०
छोटी सुट्टी. दहा मिनिटं. आठ नळ, चालू तीन. सहाशेतली निम्मी पोरं तरी इकडे धावतात. फरशी पुसायची फडकी धुवायचं काम मामांनी मुद्दाम या दहा मिनिटांसाठी राखून ठेवलेलं असतं. बादली घेऊन ते नळांच्या कडेला बसतात आणि फडकी हळूहळू पिळतात. ते कुणाला काही बोलत नाहीत. माणूस बसलेलं असतं, तेवढं पुरतं.

आज मात्र बारा वाजता ऑफिसातून हाक येते. पंचायत समितीला फॉर्म पाठवायचेत, झेरॉक्स हव्यात, आत्ता. दुसरा पोरगा बँकेत गेलाय. मामा सायकल काढतात. मी बरोबर निघतो. झेरॉक्स चाळीस पानं, ऐंशी रुपये. दुकानात वीज गेलेली. परत येतो तोवर बारा बावीस झालेत, तिसरा तास सुरू झालाय आणि नळापाशी आठवी ब चा तो मुलगा एकटा उभा आहे. शर्ट कॉलरपासून पोटापर्यंत ओला.

दुपारी १२:२५
मामा त्याला वर्गात पाठवत नाहीत आणि ऑफिसातही नेत नाहीत. खेळाच्या सामानाच्या खोलीत नेतात. कपाटात दोन जुने गणवेशाचे शर्ट धुऊन ठेवलेले असतात, त्यातला एक देतात. ओला शर्ट खिडकीच्या गजाला वाळत घालतात. मग स्टुलावर बसून व्हॉलीबॉलच्या जाळ्याची गाठ सोडवायला घेतात.

"कुणी केलं?" असं ते विचारत नाहीत. विचारतात, "तू कुठल्या नळावर होतास?"

मुलगा सांगायला लागतो. शब्द अडतो. मामा जाळ्याकडेच बघत राहतात. शब्द पुरा करून देत नाहीत, "हां, हां" करत नाहीत. एका वाक्याला मिनिट लागतं तर मिनिट लागू देतात. कळतं ते असं. नववीची तिघं होती. एकानं नळाच्या तोंडावर अंगठा दाबून धार सोडली. दुसरा म्हणाला, आधी बापाचं नाव सांग, मग पाणी पी. वडिलांचं नाव 'ह' नंच सुरू होतं. तिसऱ्याच्या हातात मोबाइल होता.

"किती दिवस?" मामा विचारतात.

मुलगा बोटं मोजत नाही. म्हणतो, दिवाळीपासून. तुम्ही नसला की.

मामा जाळं खाली ठेवतात. "मी हे मॅडमना सांगणार हाय," ते म्हणतात. "तुला इचारल्याबिगर सांगितलं असं नको व्हायला. म्हणून आधी तुला सांगतोय." मुलगा नाही म्हणतो. मामा थांबतात. "सांगावं लागंल रे. पर तुला त्यांच्यासमोर उभा करनार न्हाई. हे माझं."

दुपारी १:३०
मोठी सुट्टी. आठवीपर्यंतच्या मुलांना पोषण आहार. आज मसालेभात. पातेल्याच्या दोन्ही कानांना फडकी धरून दोघी मावशी ते ओट्यावर ठेवतात. सकाळी नऊपासून चुलीपाशी आहेत. मानधन महिन्याला २,५०० रुपये. त्यातही दोन-तीन महिने थकतात, मग एकदम येतात.

नववी-दहावीची मुलं डबे आणतात आणि चिंचेखाली बसतात. मोठी मावशी वाढता वाढता सांगते, "कोन कुणासंगं बसतं, ते मला इचारा. सरांना न्हाई म्हाईत व्हायचं." खरंच आहे. गेल्या वर्षी सहावीतली एक मुलगी ताट घेऊन रोज भिंतीकडे तोंड करून बसायची, ते पहिल्यांदा हिनंच वर्गशिक्षिकेला सांगितलं. मुलींच्या टोळीनं तिच्याशी बोलणं बंद केलं होतं. मारामारी नाही, शिवी नाही, अंगावर खूण नाही. नुसतं बोलणं बंद. असा छळ वहीत लिहायलाही अवघड.

आठवी ब चा मुलगा जुन्या शर्टात रांगेत येतो. मावशी शर्ट ओळखते. काही न बोलता दुसरा डाव वाढते.

दुपारी २:१५
मुख्याध्यापिकांच्या खोलीत मॅडम, आठवीचे सर आणि नववीचे सर. मामा दाराशी उभे राहून वही वाचून दाखवतात. मॅडम म्हणतात, "बसा मामा." ते बसत नाहीत.

नववीचे सर म्हणतात, "तिघांना बोलवा, दोन-दोन कानाखाली, सरळ होतील."

मॅडम नाही म्हणतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं मुलांना मारणं आणि त्यांचा मानसिक छळ या दोन्हीला बंदी आहे, हे कारण आहेच. त्या दुसरं कारण देतात. इथे मार खाल्लेलं पोरगं तो मार फाटकाबाहेर फेडतं आणि कुणावर, ते सगळ्यांना माहीत आहे.

"मग हात मिळवायला लावू," सर म्हणतात. "सॉरी म्हणतील."

तेही नाही. दोघांना समोरासमोर उभं करून हात मिळवायला लावणं हे बरोबरीच्या भांडणाला ठीक. इथे तिघं एका बाजूला, मोठ्या वर्गातले, आणि हा एकटा. साहेबांपुढे मिळवलेला तो हात शाळा सुटल्यावर काय करतो, ते त्याच्याच अंगावर निघतं.

तिघं एकेक करून आत येतात. वेगवेगळे, एकमेकांशी बोलायला वेळ न देता. मॅडम आवाज चढवत नाहीत. "तू वाईट आहेस" म्हणत नाहीत. "बारा वाजून दहा मिनिटांनी तू कुठे होतास?" इथून सुरू करतात. मोबाइलवाला दहा मिनिटांत रडायला लागतो. शाळेत मोबाइल आणायला बंदी आहे आणि तरी तो येतो. क्लिप कुणाकुणाला पाठवली ते आधी विचारतात, नावं लिहून घेतात. मोबाइल बंद करून पाकिटात, पाकिटावर मुलाची आणि सरांची सही, पाकीट कपाटात. पालक आल्यावर त्यांच्यासमोर उघडायचं.

अंगठ्यानं धार सोडणारा मुलगा बोलतच नाही. मामा दाराशीच आहेत. त्यांना काही आठवतं, ते जातात आणि जुनी वही घेऊन येतात. सहावीत असताना या पोराचं नाव तिच्यात आहे, पण दुसऱ्या बाजूला. त्याला तेव्हाचे दहावीवाले 'जाड्या' म्हणून मैदानाच्या गेटात अडवायचे. मॅडम ते पान वाचतात. त्याला दाखवत नाहीत. पण पुढचा प्रश्न वेगळा विचारतात. "सहावीत तू मोठ्या सुट्टीत लायब्ररीत बसायचास. का बसायचास?"

बराच वेळ गप्प राहून तो म्हणतो, बाहेर जायचो नाही म्हणून.

यामुळे त्यानं केलेलं माफ होत नाही, असं मॅडम त्याला स्पष्ट सांगतात. दोन आठवडे दोन्ही सुट्ट्या तिघांनी वेगवेगळ्या शिक्षकांजवळ काढायच्या. आठवी ब च्या मुलाला हाक मारायची नाही, नावानंही नाही आणि बापाच्या नावानं तर नाहीच. तिघांच्या घरी आजच फोन.

दुपारी ३:१०
मला वाटलं होतं प्रकरण इथे संपलं. मॅडम नववीच्या वर्गात जातात. नळापाशी तिघं होते, पण हसायला वीस जण होते. त्या तिघांची नावं घेत नाहीत, मुलाचंही नाही. विचारतात, "नळावर कुणाला पाणी पिऊ दिलं नाही तर बघणाऱ्यानं काय करायचं?" सुरुवातीला ठरलेली उत्तरं येतात, सरांना सांगायचं वगैरे. मग मागची एक मुलगी म्हणते, "सांगितलं की चुगलखोर म्हणतात." यावर पंचवीस मिनिटं बोलणं होतं. शेवटी मुलंच दोन साध्या गोष्टी काढतात. हसायचं नाही. आणि ज्याला अडवलंय त्याला "चल" म्हणून बरोबर घेऊन निघायचं. फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठात तयार झालेला आणि अनेक देशांत गेलेला 'किवा' हा कार्यक्रम याच बघ्यांवर भर देतो. छळणारा पोरगा बहुधा बघ्यांसाठीच करत असतो, ते हसायचे थांबले की त्याचा निम्मा जोर जातो.

दुपारी ३:४५
फोन. मुलाचे वडील यार्डात गाडी उतरवत होते. आत्ता आले तर अर्ध्या दिवसाची हमाली बुडते. मॅडम म्हणतात, आत्ता येऊ नका, उद्या सकाळी सातला मी शाळेत आहे, तुमची टोळी लागायच्या आधी या. उद्या शनिवार, सकाळची शाळा. काय झालं ते फोनवरच सगळं सांगतात. पलीकडून बराच वेळ काही येत नाही. मग विचारतात, "पोरानं जेवन केलं का?"

"केलं," मॅडम सांगतात. मावशीनं दोनदा वाढलं तेही सांगतात.

दुपारी ४:१०
तक्रारपेटी. ५ मे २०१७ च्या परिपत्रकानं ती प्रत्येक शाळेत आली. मुलामुलींच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती १० मार्च २०२२ च्या शासन निर्णयानं. बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचाराच्या घटनेनंतर २१ ऑगस्ट २०२४ ला आणखी एक निर्णय निघाला, सीसीटीव्हीचा. इथे चार कॅमेरे आहेत. फाटक, ऑफिस आणि दोन व्हरांडे दिसतात. नळ दिसत नाहीत, बसचा मागचा बाक दिसत नाही.

पेट्या दोन आहेत. एक ऑफिसच्या दारात, दर्शनी भागात, नियमाप्रमाणे. "पेटी दर्शनी लावली की चिठ्ठी टाकनारा बी दर्शनी होतो," मामा म्हणाले होते. म्हणून दुसरी लायब्ररीच्या बोळात, पुस्तक परत करायच्या खिडकीशेजारी. तिथे कुणीही उभं असलं तरी चालतं. पत्रा, कुलूप आणि रंग धरून सव्वातीनशेला पडली.

पोलीस पाटील, एक पालक आणि विद्यार्थी प्रतिनिधींसमोर दोन्ही उघडतात. दर्शनी पेटी रिकामी. बोळातल्या पेटीत सहा चिठ्ठ्या. दोन पंख्याबद्दल, एक कोरी, एक कुणाच्या तरी प्रेमाबद्दल, ती मॅडम मोठ्यानं न वाचता बाजूला ठेवतात. पाचव्या चिठ्ठीत लिहिलंय की सकाळच्या एस.टी.त मागच्या बाकावरचे सातवीतल्या मुलींना जाऊ देत नाहीत, ओढण्या धरतात. सहाव्या चिठ्ठीतही तेच, वेगळ्या अक्षरात.

मामा सकाळचं पान उघडून मॅडमसमोर धरतात. पास असून चालत आलेली मुलगी.

हे प्रकरण छळापुरतं नाही. ओढणीला हात घातला की ते पोक्सो कायद्यापर्यंत जाऊ शकतं आणि मग कळवणं हा शाळेचा मर्जीचा प्रश्न राहत नाही, कायद्यानं बंधन आहे. मॅडम पोलीस पाटलांना थांबवून घेतात, त्या मुलीच्या आईला फोन लावतात आणि आगारप्रमुखांना पत्र लिहायला घेतात. भिंतीवर १०९८ चा फलक आहे, चाइल्डलाइनचा. त्या मुलीला तो नंबर वहीच्या शेवटच्या पानावर लिहून द्यायला सांगतात.

संध्याकाळी ५:००
टोल. यानंतरची वीस मिनिटं मामांच्या मते दिवसातली सगळ्यात वाईट. सगळे एकदम सुटतात आणि शिक्षकांचाही पाय घराकडे असतो. मुलाला दहा मिनिटं लवकर सोडा असं कुणीतरी सुचवलेलं. मॅडमनी उलटं केलं. त्या तिघांना दहा मिनिटं वर्गात थांबवलं. लपून जायची पाळी ज्याला त्रास झाला त्याच्यावर का यावी?

मुलगा आपला वाळलेला शर्ट घालून सायकल स्टँडवर येतो. भत्त्यावरचा पोरगा बोटानं टायर दाबून बघतो. हवा आहे. एस.टी.त चढणाऱ्या मुलींबरोबर आज एक शिक्षिका पुढच्या गावापर्यंत जातायत. तिकीट त्यांनीच काढलं.

संध्याकाळी ५:५०
वर्ग बंद, दिवे बंद. नळाचं पाणी टपकतंय, मामा वॉशर बदलतात. मग पायरीवर बसून वही पुरी करतात. "१२:१० ला मी झेरॉक्सला. नळावर कोणी नव्हते." मॅडमनी संध्याकाळीच आदेश काढलाय, दोन्ही सुट्ट्यांत मामांना आवाराबाहेर पाठवायचं नाही. कॅलेंडरवर पुढच्या तीन शुक्रवारांना त्यांनी खूण केलीय. त्या दिवशी मुलाला एकट्याला गाठून विचारायचं. पहिल्या आठवड्यात सगळं शांत असतं, पुन्हा सुरू होतं ते नंतर, असा त्यांचा अनुभव.

भत्त्यावरचा पोरगा सहाला दुकानात पोचेल. नऊपर्यंत पंक्चर काढेल, दोनशे रुपये मिळतील.

मामांच्या निवृत्तीला दोन वर्षं आहेत. त्यानंतर त्यांचं पद व्यपगत होईल आणि शाळेला महिन्याला ५,००० रुपये मिळतील. तुमचं मूल ज्या शाळेत जातं तिथली पालकसभा याच महिन्या-दोन महिन्यांत असेल. निकाल आणि फीबद्दल विचाराल तेव्हा एवढंही विचारा, की छोट्या सुट्टीत नळापाशी मोठं माणूस कोण असतं. आणि उत्तरात एखाद्या माणसाचं नाव येईपर्यंत खुर्चीवरून उठू नका.